हुंकार देणारा

लहानपणी आमच्या घरी आजी गोष्ट सांगायची, पण तिची एक अट असे. कोणीतरी एकाने ‘हूं’ म्हणत राहिले पाहिजे. हूं थांबला की गोष्ट थांबे. अंधारातून आजी विचारी, “निजलास की काय रे?” आणि आम्ही भावंडे त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याला ढोसून जागे करीत असू. गोष्टीला सांगणारा जितका लागतो तितकाच हुंकार देणारा लागतो, हे साहित्यशास्त्र मला त्या घोंगडीत समजले. पुढे मी स्वतःच गोष्टी लिहू लागलो, चार कादंबऱ्या छापून झाल्या, आणि या खटाटोपात तो हुंकार देणारा माणूस माझ्या हातून कुठेतरी हरवला. माझ्याच हातून असे नव्हे. आपल्या एकंदर कथाकादंबऱ्यांत आणि नाटकांत तो फार क्वचित भेटतो. दुःखी माणसे आपल्या साहित्यात उदंड आहेत. उपदेश करणारी त्याहून उदंड. पण दुःखी माणसाजवळ नुसता बसून त्याचे ऐकून घेणारा माणूस शोधू लागलो, तर बोटांवर मोजण्याइतकीच नावे हाती लागतात.

या लेखात मी त्याच माणसाची विचारपूस करणार आहे. मी समीक्षक नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि पोटासाठी मी एका रात्रशाळेत मराठी शिकवतो. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून जड परिभाषेची अपेक्षा ठेवू नये. शिवाय हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून आलाही नाही. तो एका विद्यार्थ्याच्या रूपाने आला, आणि पहिल्या खेपेस मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले.

रात्रशाळेतले विद्यार्थी म्हणजे दिवसभर राबून आलेली माणसे. हा मुलगा विशी ओलांडलेला, एका उपाहारगृहात कामाला, अबोल, अक्षर मात्र मोत्यासारखे. एके रात्री वर्ग सुटल्यावर तो फळ्याजवळ रेंगाळला. म्हणाला, “सर, तुमची कादंबरी वाचली. वाचनालयातून आणली होती.” लेखकाला याहून गोड वाक्य कोणते? मी खुशीत आलो. मग त्याने हळूच सांगितले, “सर, रात्री झोप लागत नाही. कशातच काही वाटत नाही. कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं.”

आता माझ्या त्या कादंबरीत नेमका असाच एक प्रसंग आहे. निराश विद्यार्थी मास्तरांकडे येतो आणि मास्तर त्याला चार पानांचे भाषण करतात. त्यात दिवा आहे, वादळ आहे, दगडातून उगवणारे रोप आहे. भाषण संपताच विद्यार्थी डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशीपासून अभ्यासाला लागतो. या चार पानांबद्दल मला वाचकांची पत्रे आली होती. शाळेच्या संमेलनात ती वाचलीही गेली होती. मी त्या मुलासमोर उभा राहिलो आणि अर्धा तास बोललो. दिवा आला, वादळ आले, रोपही आले. तो मान खाली घालून सारे ऐकत होता. मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, “हो सर. हे त्या पुस्तकात आहे.” त्याच्या आवाजात उपहास नव्हता. एखादा विद्यार्थी उदाहरण ओळखतो, तसे त्याने ते ओळखले होते. मग नमस्कार करून तो गेला, आणि पुढचे चार दिवस शाळेत आला नाही.

त्या चार रात्री मला कशा गेल्या ते लिहीत बसत नाही. मुलाचे पुढे काय झाले तेही ओघात सांगेन. पण त्या चार रात्रींत मी माझ्या कपाटातली पुस्तके एका नव्याच दृष्टीने चाळली: या पुस्तकांत कोण कोणाचे ऐकतो?

माझा एक शिक्षकमित्र कीर्तनकाराच्या घरातला आहे. माझी व्यथा ऐकून तो म्हणाला, “अरे, उपदेश केलास यात काय चुकलं? खुद्द भगवंतांनी अर्जुनाला अठरा अध्याय सांगितले!” मलाही क्षणभर बरे वाटले. पण घरी येऊन गीता उघडली तर निराळेच दिसले. पहिल्या अध्यायात अर्जुन गळून जातो, त्याचे अंग कापते, धनुष्य हातातून निसटते, आणि तो बोलत सुटतो. या साऱ्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी जेमतेम एक वाक्य आहे, तेही अर्जुन कोसळण्याच्या आधीचे. बाकी तो रथावर बसून ऐकतो आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो अर्जुनाला दोन श्लोकांत खडसावतो, हे दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ म्हणतो. त्याचा परिणाम काय? अर्जुन पुन्हा आपले गाऱ्हाणे सांगतो, मी लढणार नाही असे बजावतो आणि गप्प होतो. म्हणजे प्रत्यक्ष भगवंताचीही पहिली कानउघाडणी वाया गेली! अर्जुनाचे सगळे बोलून झाल्यावर, आणि मला काही सुचत नाही, तूच सांग असे त्याने स्वतः म्हटल्यावर, मग उपदेश सुरू होतो. आपण अठरा अध्यायांचे पाठांतर करतो, पण पहिल्या अध्यायाचे मौन विसरतो. मी तर माझ्या विद्यार्थ्याला पहिला अध्याय म्हणूच दिला नव्हता.

आमच्या पिढीला भाषणाची ही सवय कोठून लागली, हे सांगायला फार संशोधन नको. शाळेच्या वाचनालयात आम्ही खांडेकर वाचून मोठे झालो. त्यांचे ऋण मी नाकारणार नाही. पण ‘ययाति’तला कच पाहा. ती कादंबरी १९५९ सालची. कच किती शुद्ध, किती समंजस! कादंबरीतल्या प्रत्येकाला त्याच्याजवळ देण्यासारखे काही ना काही आहे. तरीही माझ्यावर बिकट वेळ आली तर मी कचाच्या आश्रमाकडे वळेन असे मला वाटत नाही. त्याच्यासमोर रडण्याचा धीर होणार नाही. आपले दुःख सांगावे आणि बदल्यात एक सुंदर वाक्य मिळावे, हा व्यवहार दुःखी माणसाला परवडत नाही. वाक्य घेऊन तो घरी जातो आणि दुःख तसेच त्याच्या खिशात राहते.

बोलण्याने माणूस सावरतो, असे आपण सहज म्हणतो. बोलण्याने माणूस किती मोडतो, हे विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये दाखवले. १९६७ साली ‘रंगायन’ने ते नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा सुलभा देशपांडे बेणारेबाईंची भूमिका करीत होत्या. या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली फक्त एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती शिक्षकाच्या आणि लोकसेवेची हौस असणाऱ्याच्या जिव्हारी लागणारी आहे. बेणारेबाई शिक्षिका आहे. आणि तिच्यावर लटका खटला भरून तिला सोलून काढणारी मंडळी गुंड नव्हेत. ती समाजकार्य करणारी, लोकजागृतीसाठी गावोगाव नाटक नेणारी माणसे आहेत. म्हणजे आपल्यासारखीच. त्यांच्याजवळ वेळ आहे, उत्साह आहे, संस्था आहे. नाही तो फक्त कान. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला आपले म्हणणे मांडण्यासाठी वेळ देतात. किती? दहा सेकंद. तेवढ्यात बेणारे आपले सारे आयुष्य बोलते, आणि रंगमंचावरची बाकी माणसे तेव्हा जागच्या जागी गोठलेली असतात. प्रेक्षागृहातले शेकडो लोक ते ऐकतात, तिच्याबरोबर आलेल्यांपैकी एकही ऐकत नाही. मराठी रंगभूमीवर ‘न ऐकणे’ याचे इतके भयंकर चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

त्याच नाटकात सामंत आहे. गावातला साधा माणूस, मंडळींना सभागृह दाखवायला आलेला. यालाही खटल्यात साक्षीदार म्हणून उभे करतात. त्याला काही सुचत नाही, म्हणून तो हातातल्या एका कादंबरीतले संवाद आपली साक्ष म्हणून ठोकून देतो, आणि ती उसनी वाक्ये बेणारेला नेमकी लागतात. पूर्वी मला हा प्रसंग विनोदी वाटे. त्या चार रात्रींनंतर तो मला हसून वाचता आलेला नाही. कादंबरीतली तयार वाक्ये जिवंत माणसावर वापरणारा सामंत एकटाच नव्हता. पण तेंडुलकरांनी त्याच सामंताला शेवटी एक जागा दिली. सारे निघून गेल्यावर, निश्चल पडलेल्या बेणारेला पाहून तो गोंधळतो. बोलावे काय, त्याला समजत नाही. आपल्या पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तो लांबूनच तिच्याजवळ ठेवतो आणि हळूच जातो. साऱ्या नाटकात सहानुभूतीची कृती म्हणावी अशी ही एकच, आणि तिच्यात शब्द नाही.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ १९७३ सालचे. तिथे छळणारे कोणी नाही. म्हाताऱ्या नाना-नानींना एक मुलगा अमेरिकेत गेलेला, दुसरा युद्धात गेलेला. दाराशी येणारा परका माणूसही त्यांना पाहुण्यासारखा वाटतो. तो घटकाभर बसावा, चार शब्द बोलावा, यासाठी दोघांची केविलवाणी धडपड चालते. शेवटी दोघे मिळून आयुष्याचा निरोप घेतात. माझे या नाटकाबद्दल एक भांडण आहे. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि परदेशी गेलेल्या मुलांना बोल लावतो. शेजाऱ्यांना कोणीच काही विचारत नाही. त्या इमारतीत इतर बिऱ्हाडे असतीलच ना? दळवींनी ती रंगवली नाहीत, नाटकाला त्यांची गरजही नसेल. पण त्यामुळे आपल्याला एक सोयीची पळवाट मिळाली. दुःख हे घरच्यांचे देणे, परक्याचा त्यात संबंध काय, असे समजून आपण निवांत झालो.

परक्याचा संबंध काय, या प्रश्नाला सरळ सामोरी जाणारी मराठी कलाकृती मला पुस्तकात सापडली नाही, पडद्यावर सापडली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. २०१६ सालचा हा चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ २०१७ मध्ये जाहीर झाले. सुमित्राबाई २०२१ साली गेल्या. निर्माते डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, तेव्हा चित्रपटात मनोविकारांवर एखादे व्याख्यान असेल अशी माझी धास्ती होती. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘देवराई’त प्रेक्षकाला आजाराची नीट माहिती मिळावी ही तळमळ जाणवते, आणि तिचा थोडा भार कथेवर पडतो. ‘कासव’ने तो भार बराच उतरवून ठेवला आहे.

कथा म्हणाल तर थोडकी. आयुष्य नकोसे झालेला एक तरुण, मानव, घरापासून दूर, आजारी अवस्थेत जानकी नावाच्या बाईला भेटतो. ती त्याची कोणी नाही. ती त्याला कोकणातल्या समुद्राकाठच्या आपल्या घरी नेते. ती स्वतः मनाच्या अशाच अंधारातून गेलेली आहे, हे आपल्याला हळूहळू कळते. आपल्या कादंबरीकारांच्या हातात हा ऐवज पडता, तर तिसऱ्या प्रकरणात जानकीने त्याला आपली कर्मकहाणी सांगितली असती आणि ‘मी सावरले, तूही सावरशील’ असे म्हटले असते. सुमित्राबाईंची जानकी तो मोह आवरते. ती त्याची उलटतपासणी घेत नाही. तो तुसडेपणाने वागतो, ते ती पोटात घालते. जेवणाची वेळ झाली की जेवण असते. रात्री घरात दिवा असतो. इरावती हर्षे यांनी ही भूमिका करताना चेहऱ्यावर कोठेही ‘मी उपकार करते आहे’ हा भाव येऊ दिलेला नाही, आणि ते फार कठीण आहे. परोपकारी माणसाच्या तोंडावरून तो भाव पुसायला आयुष्य जाते. आलोक राजवाडे यांचा मानवही कणव मागत नाही. कधी कधी तर त्याचा राग येतो. हे बरे केले आहे. दुःखी माणूस गोड असतोच असे नाही, आणि ऐकणाऱ्याची परीक्षा तिथेच असते.

किशोर कदम यांचा यदू मला जानकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. जानकीजवळ अनुभव आहे, समज आहे. यदूजवळ तसे काही नाही. तो गाडी चालवतो, कामे करतो, आणि या परक्या पोराला घरात घेतल्याची त्याला सुरुवातीला धास्ती वाटते. आपल्यातले बहुतेक लोक यदूच्या जागी असतात. मानवला हळूहळू माणसांत आणण्यात या साध्या माणसांचा आणि गावातल्या एका लहानग्या पोराचाही हात आहे, आणि हा हातभार चित्रपट गाजावाजा न करता दाखवतो.

आता कासवाचे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. ती पुन्हा बघायला येत नाही. कोल्हीकुत्री आणि माणसे यांच्या तावडीतून ती अंडी वाचवायची कोणी? रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तेथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभे केले. अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवायची, दीड-दोन महिने पहारा करायचा, आणि पिले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडायचे. इथे एक बारकी गोष्ट आहे. पिलांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर ठेवतात. ती आपल्या पायांनी, म्हणजे त्या इवल्याशा वल्ह्यांनी, वाळू तुडवीत जातात. बघणारे दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि कावळ्या-घारींवर लक्ष ठेवतात. ‘कासव’मध्ये डॉ. आगाशे यांचे दत्ताभाऊ हेच काम करतात, आणि जानकीने मानवसाठी केले तेही याहून वेगळे नाही.

रूपक सुंदर आहे. पण चित्रपट ते जरा जास्तच वेळा आपल्यापुढे धरतो असे माझे मत आहे. पहिल्यांदा पाहताना जी गोष्ट मनात आपोआप उमटली, ती नंतर कोणी समजावून सांगू लागले की शिकवणीला बसल्यासारखे वाटते. याहून मोठी माझी तक्रार दुसरी आहे. जानकीजवळ समुद्राकाठी घर आहे, सवड आहे, मदतीला माणसे आहेत. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांनी राहायचे, सकाळी सातची गाडी गाठायची, त्याने परक्याचे दुःख कोठे ठेवायचे? चित्रपट सुटल्यावर माझ्या पत्नीने हाच प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे उत्तर माझ्या शाळेतच बसले होते.

चार दिवसांनी तो मुलगा आला. वर्गात नव्हे. शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ एक मोडका बाक आहे, त्यावर आमचे शिपाई बसतात. त्यांना सारी शाळा मामा म्हणते. मधल्या सुट्टीत पाहतो तो हा मुलगा मामांच्या शेजारी बसलेला. मध्ये खडूंचा खोका. मामा तुटके खडू एकीकडे आणि सबंध खडू एकीकडे करीत होते, आणि तोही तेच करीत होता. दोघांत बोलणे नव्हते. नंतर मला समजले की हे तीन दिवस चालले होते. मुलगा शाळेत येत होता, पण वर मजल्यावर चढत नव्हता. पहिल्या रात्री मामांनी त्याला एवढेच विचारले होते, “जेवलास का पोरा?” दिवसभर दुसऱ्यांना जेवण वाढणाऱ्या त्या मुलाला हा प्रश्न बहुधा कित्येक महिन्यांत कोणी विचारला नसावा. मामांनी डबा पुढे केला. दुसऱ्या रात्री त्याने थोडे सांगितले. तिसऱ्या रात्री बरेच सांगितले. मामा मध्ये मध्ये “हं”, “मग?” म्हणत होते. माझ्या आजीची अट या माणसाने न सांगता पाळली होती.

मामांनी आणखी एक केले, आणि ते नुसत्या भाबड्या चांगुलपणाच्या पलीकडचे होते. मुलाचे ऐकून घेतल्यावर त्यांना समजले की हे आपल्या एकट्याच्याने पेलणारे नाही. त्यांनी त्याला एकटे सोडले नाही. वर्गातल्या दोन वयस्क विद्यार्थ्यांना रात्री त्याच्या सोबतीला राहायला सांगितले, आणि शनिवारी स्वतः रजा टाकून त्याला इस्पितळात मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले. बाकावर बसणेही चालू राहिले. मला कोणी विचारले की दोहोंतल्या कशाने त्याला उतार पडला, तर मी सांगू शकणार नाही. मामांना विचाराल तर ते म्हणतील, देवाने.

मामांचा तो बाक पाहिल्यावर, जगात असे बाक आणखी कोठे आहेत याचा मी शोध घेतला. पहिला सापडला लंडनमध्ये. चॅड व्हॅरा नावाच्या पाद्र्याने १९५३ साली आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवून जाहीर केले की, जीव नकोसा झालेल्या कोणीही मला बोलवावे. इतके लोक येऊ लागले की त्यांना बाहेरच्या खोलीत ताटकळावे लागे. तेथे काही साधी माणसे स्वयंसेवक म्हणून बसत, येणाऱ्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत. काही दिवसांनी पाद्रीबोवांच्या ध्यानात आले की बाहेर चहा घेऊन बोललेल्यांपैकी पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. या माणसाचा मोठेपणा असा की त्याला याचे वाईट वाटले नाही. १९५४ मध्ये त्याने ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून वाढली. बाहेरची खोली हीच खरी खोली, हे आतल्या खोलीत बसणाऱ्याला उमगणे सोपे नाही. मी वर मजल्यावरच्या वर्गात होतो, मामा खाली टाकीजवळ.

दुसरा बाक तर अक्षरशः बाकच. आफ्रिकेत झिंबाब्वेची राजधानी हरारे. तेथल्या डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ साली एंबारे वस्तीतल्या १४ आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक, बाकावर आजी, शेजारी दुखावलेला माणूस. आज्यांना शिकवण दिलेली असते. कोणाला पुढे डॉक्टरांकडे पाठवायचे हेही त्या जाणतात. पण भाषा त्यांची स्वतःची. ‘नैराश्य’ असा जड शब्द त्या वापरीत नाहीत. शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा त्यांचा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडच्या बाया म्हणतात ना, “तिने विचार घेतलाय गं,” तेच हे. या बाकाची रीतसर परीक्षाही झाली. ५७३ माणसांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि सहा महिन्यांनंतर पाहता बाकावर बसलेल्यांची उदासी इतरांपेक्षा पुष्कळ कमी झालेली आढळली. आपल्या नाशिक जिल्ह्यातही २०१३ नंतर ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम पुण्याच्या एका संस्थेने चालवला. त्यात गावातलीच माणसे शिकवून तयार केली, आणि त्यांनी आपल्याच गावातल्या खचलेल्या माणसांची विचारपूस केली. त्याची पुढची मोठी पायरी गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात झाली. हे सर्व वाचताना मला नवल एवढेच वाटले की जगात हे घडते आहे, आणि आमच्या कथाकादंबऱ्यांत अजून मास्तर दिव्या-वादळावर बोलतोच आहे.

याचे एक कारण लेखनाच्या धंद्यातले आहे आणि ते मला मान्य केले पाहिजे. ऐकणारा माणूस लिहायला महाकठीण. बोलणाऱ्याला वाक्ये देता येतात. भांडणाऱ्याला, रडणाऱ्याला, मरणाऱ्यालासुद्धा देता येतात. ऐकणाऱ्याला काय देणार? ‘हं’ आणि ‘मग?’ यांवर पान भरत नाही. नाटकात आणि चित्रपटात निदान नटाचा चेहरा मदतीला असतो, म्हणूनच मला माझी उदाहरणे तेथे सापडली. कादंबरीकाराच्या हाती कागद. त्यावर मौन लिहायचे तर आजूबाजूच्या वस्तू इतक्या नेमक्या हव्यात की वाचकाला त्या बोलल्यासारख्या वाटाव्यात. हिरवा कापडी पोपट सुचायला तेंडुलकर लागतो. आम्हाला दिवा सुचतो.

गेल्या वर्षी माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायचे ठरले. मी प्रकाशकांना कळवले की चार पानांचे भाषण काढून टाकतो. त्यांना ते रुचले नाही. पुस्तक त्याच पानांवर खपते, असे ते म्हणाले, आणि त्यात खोटे काही नाही. तरी मी हट्ट धरला. भाषणाच्या जागी नवा प्रसंग लिहायला मला चार महिने लागले. त्यात मास्तर विद्यार्थ्याला घेऊन बाकावर बसतो, डबा उघडतो, तीन-चार वाक्ये बोलतो. मला वाटले, जमले.

तो मुलगा आता दहावी झाला आहे. उपाहारगृहातले काम सुटले. तो एका छापखान्यात लागला आहे. मामा निवृत्त होऊन गावी गेले. आठवड्यातून दोन रात्री हा मुलगा शाळेत येतो आणि त्याच बाकावर बसतो. नव्या मुलांपैकी कोणी ना कोणी तेथे जाऊन टेकतेच. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ हा आकडा त्यानेच लिहून ठेवला आहे. २०२२ साली सुरू झालेला ‘टेलि-मानस’चा तो सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस आणि फुकट चालतो. फळा पुसणाऱ्याने तेवढा कोपरा सोडावा, अशी त्याची सक्त ताकीद आहे.

मागच्या महिन्यात मी माझी नवी पाने त्याच्या हातात दिली. त्याने ती बाकावर बसूनच वाचली, दोनदा वाचली, आणि संकोचाने म्हणाला, “सर, चांगलं आहे. पण यातला मास्तर अजून लई बोलतो.”

पाने मी प्रकाशकांकडून परत मागवली आहेत.